प्रत्यय आणि अनुबंध : ‘पास्ट लाइव्ह्ज’ या चित्रपटाचा भाषिक विचार

१

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने चित्रपटाविषयी लिहावे, हे काही वाचकांस अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. चित्रपटाचे गुणदोष ठरविण्याचा अधिकार त्या कलेच्या जाणकारांचा. तो येथे गाजवावयाचा नाही. परंतु एखाद्या कलाकृतीतील दुःख मुळी भाषेतूनच घडलेले असेल, तर त्या दुःखाचे स्वरूप उलगडून दाखविण्याच्या कामी व्याकरणाचा काही उपयोग होऊ शकतो. इ. स. २०२३ मध्ये प्रदर्शित झालेला ‘पास्ट लाइव्ह्ज’, म्हणजे ‘पूर्वजन्म’, हा चित्रपट या जातीचा आहे.

त्याची दिग्दर्शिका सेलीन साँग हिचा जन्म दक्षिण कोरियातला. वयाच्या बाराव्या वर्षी ती आईवडिलांबरोबर कॅनडात गेली आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये नाटककार म्हणून वावरू लागली. हा तिचा पहिलाच चित्रपट. अमेरिकेतील स्वतंत्र चित्रपटांचे प्रमुख व्यासपीठ असलेल्या सनडान्स महोत्सवात तो जानेवारी २०२३ मध्ये प्रथम दाखविला गेला, आणि इ. स. २०२४ च्या ऑस्कर पारितोषिकांसाठी सर्वोत्कृष्ट चित्रपट व सर्वोत्कृष्ट मूळ पटकथा या दोन विभागांत त्याला नामांकन मिळाले. पावणेदोन तासांच्या या चित्रपटात कोणी कोणावर ओरडत नाही, कोणी कोणाला फसवीत नाही, खलपुरुष तर नाहीच. तरीही शेवटी प्रेक्षकाच्या मनाला जी हुरहुर लागते ती सहजी सुटत नाही. ती कशातून निर्माण होते, हा या लेखाचा प्रश्न आहे.

त्याचे माझे उत्तर आरंभीच सांगतो. या चित्रपटातील प्रेमभंग हा दोन व्यक्तींचा वियोग जितका आहे, तितकाच तो एका व्यक्तीचा स्वतःच्याच एका भाषिक रूपापासून झालेला वियोग आहे. आणि नायिकेला अखेरीस जो आत्मबोध होतो तो या दुसऱ्या वियोगाबद्दल रडून घेतल्यावाचून होत नाही.

२

कथानक अगदी साधे आहे. सोलमध्ये ना-यंग व हे-संग ही बारा वर्षांची मुले एका वर्गात शिकतात. मुलगी हुशार, महत्त्वाकांक्षी आणि रडवी. ती रडू लागली की समजूत काढावयाची ती हे-संगने. ना-यंगचे आईवडील देश सोडावयाचे ठरवितात. जाण्यापूर्वीच घरात मुलींसाठी नवी इंग्रजी नावे निवडली जातात आणि ना-यंगची ‘नोरा’ होते. दोघे शाळेतून घरी येताना ज्या ठिकाणी वाटा फुटतात तेथे निरोप होतो. मुलगी पायऱ्या चढून जाते. मुलगा सपाट गल्लीने निघून जातो.

बारा वर्षे लोटतात. न्यूयॉर्कमध्ये लेखनाचे शिक्षण घेणाऱ्या नोराच्या ध्यानात येते की, हे-संग तिचा शोध घेत होता. ‘स्काईप’वरून दोघांचे बोलणे सुरू होते आणि रोजचे होऊन बसते. मग एके दिवशी नोराच ते थांबविते. कारण येथे राहून जे आयुष्य उभारावयाचे ते बाजूला ठेवून आपण सोलची विमाने शोधीत बसलो आहोत, हे तिला जाणवते. पुढे माँटॉक येथील लेखक-कलावंतांच्या निवासात तिची आर्थर या अमेरिकन लेखकाशी भेट होते व ती त्याच्याशी लग्न करते. आणखी बारा वर्षांनी हे-संग काही दिवसांसाठी न्यूयॉर्कला येतो. दोघे शहरात हिंडतात. शेवटच्या रात्री तिघे एका मद्यगृहात बसून बोलतात. पहाटे हे-संग विमानतळाकडे निघतो. एवढीच गोष्ट. ग्रेटा ली, टिओ यू व जॉन मगारो या तिघांनी तीत अतिशय संयत अभिनय केला आहे.

३

चित्रपटाच्या नावातील पूर्वजन्माची कल्पना ‘इन्‌यॉन’ या कोरियन शब्दाशी जोडलेली आहे. माँटॉकला नोरा तो शब्द आर्थरला समजावून सांगते: दोन अनोळखी माणसे रस्त्याने जाताना त्यांची वस्त्रे नुसती एकमेकांस घासली तरी ते इन्‌यॉन होय, कारण पूर्वीच्या जन्मांत त्यांचे काहीतरी नाते असलेच पाहिजे, आणि दोन माणसांचे लग्न होते तेव्हा आठ हजार जन्मांतील इन्‌यॉनचे आठ हजार थर त्यामागे साचलेले असतात. एवढे सांगून ती हसते आणि म्हणते की, कोरियन माणसे एखाद्याला मोहात पाडण्यासाठी असे बोलत असतात.

हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. फक्त तो वेष पालटून आला आहे. ‘इन्‌यॉन’ हा चिनी भाषेतून कोरियनमध्ये आलेला जोडशब्द. बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांत त्यातील पहिले पद ‘हेतु’ या संस्कृत संज्ञेसाठी व दुसरे ‘प्रत्यय’ या संज्ञेसाठी योजलेले आढळते. बीज हा अंकुराचा हेतू. माती, पाणी, ऊब हे त्याचे प्रत्यय. केवळ बीज असून भागत नाही आणि केवळ मातीही पुरत नाही. दोहोंचा योग यावा लागतो. नागार्जुनाच्या ‘मूलमध्यमककारिके’तील पहिल्या प्रकरणाचे नाव ‘प्रत्ययपरीक्षा’ असे आहे. कुमारजीवाने पाचव्या शतकाच्या आरंभी त्याचे चिनी भाषांतर केले तेव्हा त्या प्रकरणाच्या शीर्षकात हाच जोडशब्द वापरला. कोरियात बौद्ध धर्म इ. स. ३७२ मध्ये कोगुर्यो राज्यात पोचला. तत्त्वज्ञानातील ही काटेकोर संज्ञा तेथील लोकांच्या बोलण्यात उतरली, झिजली, मऊ झाली आणि माणसामाणसांतील गूढ योगाचा अर्थ तिला चिकटला.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ‘प्रत्यय’ या अर्थी योजलेल्या चिनी अक्षराचा जुना अर्थ ‘वस्त्राची किनार’ असा होता, इ. स. १०० च्या सुमारास शू शेन याने रचलेल्या कोशात तोच दिला आहे. वस्त्राची कड घासली तरी इन्‌यॉन, ही कोरियन म्हण या जुन्या अर्थावरून निघाली, असे म्हणण्यास आधार नाही. तथापि शब्द आणि म्हण यांची ही भेट स्वतःच एक इन्‌यॉन आहे, असे म्हणावयास हरकत नसावी.

मराठीत याच्या जवळचा शब्द ‘ऋणानुबंध’ हा होय. परंतु जवळचा म्हणजे तोच नव्हे. ऋणानुबंधाच्या मुळाशी देण्याघेण्याचा हिशेब आहे. मागील जन्मीचे काही देणे राहिले म्हणून या जन्मी गाठ पडते, आणि देणे फिटले की ऋणानुबंध संपला, असे आपण म्हणतो. माणूस असो, गाय असो, वा भाड्याचे घर असो, हिशेब पुरा झाला की वाट मोकळी. इन्‌यॉनमध्ये असा हिशेब नाही. तेथे थर साचत जातात. एखाद्या भेटीतून काही निष्पन्न झाले नाही तरी ती भेट वाया जात नाही, तो एक थर होऊन राहतो. मद्यगृहातील संभाषणात नोरा व हे-संग आपण पूर्वजन्मी कोण असू याचे तर्क करतात. कदाचित एक राणी आणि राजाचा सेवक असू. कदाचित गाडीत केवळ तिकिटामुळे शेजारी बसलेले दोन प्रवासी असू. कदाचित एक पक्षी आणि तो एका सकाळी ज्या फांदीवर टेकला ती फांदी. यातील एकाही नात्यात फेडावयाचे ऋण नाही. म्हणूनच या चित्रपटात कोणी कोणाला दोष देत नाही. ज्याचे देणे राहिलेले नाही त्याच्याकडे मागावयाचे तरी काय?

आणखी एक सूक्ष्म भेद ध्यानात ठेवावा. आर्थरशी इंग्रजीत बोलताना नोराला हा शब्द समजावून द्यावा लागतो, आणि समजावून देताना त्याची किंचित थट्टाही करावी लागते. हे-संगशी बोलताना तो समजावून द्यावा लागत नाही. तेथे तो नुसता उच्चारला की पुरे. शब्द एकच, परंतु एका भाषेत तो कुतूहलाची वस्तू आहे, आणि दुसऱ्या भाषेत त्याच्या आत बसून बोलता येते.

४

आता क्रियापदाकडे वळू. मराठीत ‘मी जातो’, ‘मी जाते’ या रूपांवरून बोलणारा पुरुष आहे की स्त्री हे कळते. कोरियन क्रियापद याविषयी मौन पाळते. कर्त्याचे लिंग, वचन वा पुरुष त्यात दिसत नाही. त्याऐवजी ते ऐकणाऱ्याविषयी सांगते. ‘जाणे’ याच एका क्रियेची ‘गा’, ‘गायो’, ‘गाम्निदा’ ही रूपे घ्या. पहिले सलगीचे, दुसरे सभ्य व्यवहाराचे, तिसरे औपचारिक आदराचे. परंपरागत व्याकरणात अशा सहा पायऱ्या मानतात. वाक्य संपवावयाचे तर यांपैकी एक प्रत्यय निवडावाच लागतो. म्हणजे समोरच्या माणसाशी आपले नाते काय, हे ठरविल्यावाचून कोरियन माणसाला एक वाक्यही पुरे करता येत नाही.

यांतील सलगीच्या बोलीला ‘बानमाल’ म्हणतात. शब्दशः अर्थ ‘अर्धी बोली’. आपल्याकडील ‘अरे-तुरे’ हा तिचा जवळचा नातलग. प्रौढपणी नव्याने ओळख झालेली माणसे एकदम बानमालवर येत नाहीत. त्यासाठी वय, सहवास वा उघड संमती लागते. बालमित्रांना मात्र ती आपोआप मिळते आणि आयुष्यभर टिकते. नोरा आणि हे-संग छत्तिशीत एकमेकांसमोर उभे राहतात तेव्हा ती दोघे जवळजवळ अनोळखी आहेत. चोवीस वर्षांत त्यांची प्रत्यक्ष भेट झालेली नाही. ती विवाहित आहे. तरीही ती बानमाल बोलतात. आपल्याकडे इतक्या वर्षांनी भेटलेली शाळासोबती ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’ म्हणावे या पेचात क्षणभर अडखळतात, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या बोलीचे मोल वेगळे सांगावयास नको. तोंडातून निघणाऱ्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी बारा वर्षांची ती दोन मुले हजर असतात.

रॉजर ब्राउन व अल्बर्ट गिलमन यांनी इ. स. १९६० मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात युरोपीय भाषांतील द्वितीय पुरुषी सर्वनामांचा विचार सत्ता आणि जवळीक या दोन अक्षांवर केला. इंग्रजीने व्यवहारातून आपले जुने एकवचनी सर्वनाम केव्हाच टाकून दिल्यामुळे तिच्यात हा भेद आता व्याकरणातून दाखविता येत नाही. यामुळे चित्रपटाच्या इंग्रजी उपशीर्षकांत एक मोठी हानी घडते, आणि ती भाषांतरकाराच्या हातची नाही. नोरा पतीशी बोलते तेही त्याच सर्वनामाने, हे-संगचे बोलणे उपशीर्षकात येते तेही त्याच सर्वनामाने. ज्या प्रेक्षकाला कोरियन येत नाही त्याला वाटते की, दोन जुने मित्र भिडस्तपणे, जपून बोलत आहेत. वस्तुतः त्यांच्या बोलण्याचा विषय जपून निवडलेला असतो आणि व्याकरण मात्र कमालीचे निःसंकोच असते. चित्रपटातील सारा ताण या विसंगतीत आहे.

५

बारा हे वय दिग्दर्शिकेने स्वतःच्या आयुष्यातून घेतले हे खरे. परंतु भाषाशास्त्राच्या दृष्टीनेही ते अर्थपूर्ण आहे. एरिक लेनेबर्ग याने इ. स. १९६७ मध्ये असे प्रतिपादन केले की, भाषा सहजगत्या आत्मसात करण्याची मर्यादा यौवनारंभाशी येऊन ठेपते. या मताचा तपशील पुढे पुष्कळ बदलला. पण मातृभाषा गमावण्याच्या बाबतीतही साधारण याच वयाच्या आसपास एक सीमारेषा असल्याचे अभ्यासकांना आढळून आले आहे. इ. स. २००३ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी कोरियात जन्मलेल्या आणि तीन ते आठ या वयात फ्रेंच कुटुंबांत दत्तक गेलेल्या आठ प्रौढांची तपासणी केली. त्यांना कोरियन वाक्ये इतर अपरिचित भाषांतील वाक्यांपासून वेगळी ओळखता आली नाहीत, आणि मेंदूच्या चित्रणातही पूर्वभाषेचा मागमूस दिसला नाही.

ना-यंग जर पाच वर्षांची असताना गेली असती, तर कदाचित तिची कोरियन अशीच पुसली गेली असती आणि या चित्रपटाला विषय उरला नसता. वीस वर्षांची असताना गेली असती, तर ती भाषा शाबूत घेऊन गेली असती. ती गेली नेमकी काठावर असताना. म्हणून तिची कोरियन नाहीशी होत नाही आणि वाढतही नाही. आईखेरीज कोणाशी ती भाषा बोलण्याचा प्रसंग तिला फारसा येत नाही. इंग्रजीत ती नाटके लिहिते, वाद घालते, संसार करते. कोरियनमध्ये ती अद्याप बरीचशी ती शाळकरी मुलगी आहे.

आर्थर एका रात्री तिला सांगतो की, ती झोपेत बोलते ती केवळ कोरियनमध्ये. जेथे त्याला जाता येत नाही अशी एक जागा तिच्या आत आहे, ही जाणीव त्याला अस्वस्थ करते. त्यासाठीच तो कोरियन शिकू पाहतो. हा पती मत्सरी नाही. त्याचे दुःख असे की, पत्नीच्या आयुष्यातील ज्या काळाशी त्याला स्पर्धा करावयाची आहे त्या काळाची भाषा तो प्रौढपणी, पुस्तकातून, पहिल्या धड्यापासून शिकत आहे.

येथे नोबेल पारितोषिकाचा प्रसंग आठवतो. देश का सोडतेस, असे शाळेतील मुलांनी विचारता ना-यंग उत्तर देते की, कोरियन लोकांना साहित्याचे नोबेल मिळत नाही. चित्रपट प्रदर्शित झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, इ. स. २०२४ मध्ये, ते पारितोषिक हान कांग या कोरियन भाषेत लिहिणाऱ्या लेखिकेला मिळाले. त्या मुलीच्या उत्तराला त्यामुळे एक अनपेक्षित करुण छटा आली आहे. मोठे व्हावयाचे तर आपली भाषा सोडलीच पाहिजे, ही समजूत बारा वर्षांच्या मुलीच्या तोंडी कोठून आली असेल, हा विचार आपल्या वर्गांत बसणाऱ्या, घरची बोली उंबरठ्यावर ठेवून आलेल्या विद्यार्थ्यांनीही करण्यासारखा आहे.

६

मद्यगृहातील दृश्य हा चित्रपटाचा कळस. नोरा मध्ये, एका बाजूस आर्थर, दुसऱ्या बाजूस हे-संग. आरंभी ती दुभाष्याचे काम करते. दोघा पुरुषांनी एकमेकांच्या भाषेतील चार शब्द जमविलेले असतात, ते पुरत नाहीत तेथे ती भाषांतर करते. मग हळूहळू ते काम थांबते. ती हे-संगकडे वळते, आणि आर्थर त्यांच्या संभाषणाबाहेर पडतो. तो तेथेच बसलेला असतो, परंतु आपल्या समोर काय बोलले जात आहे हे त्याला कळत नाही. दुभाष्याने भाषांतर थांबविणे ही येथे घडणारी एकमेव नाट्यपूर्ण घटना आहे. जे दोन भाषांत सांगता येण्यासारखे नसते तेवढेच आता बोलावयाचे राहिलेले आहे.

त्या बोलण्यात हे-संग एक विलक्षण गोष्ट सांगतो. तिला जावे लागले, कारण ती ‘ती’ होती. आणि त्याला ती आवडली तीही त्याच कारणाने. त्याच्या लेखी ती निघून जाणारी व्यक्ती आहे. आर्थरच्या लेखी मात्र ती राहणारी आहे. मराठीत ‘जाणारी’ आणि ‘राहणारी’ ही दोन धातुसाधिते एकाच कर्तरी प्रत्ययाने बनतात, आणि येथे ती दोन्ही एकाच स्त्रीची विशेषणे आहेत. एका भाषेत ती सदैव निरोप घेत असते, दुसऱ्या भाषेत ती सदैव घरी असते. यांपैकी खरी कोणती, हा प्रश्न चित्रपट विचारीत नाही. आणि त्याचे शहाणपण याच संयमात आहे.

नोराचे उत्तर तितकेच स्पष्ट आहे. ज्या ना-यंगला तो ओळखतो ती मुलगी आता येथे नाही. पण ती नव्हतीच असे नाही. वीस वर्षांपूर्वी तिला त्याच्यापाशी ठेवून आपण गेलो, असे ती सांगते.

७

संस्कृत व्याकरणात ‘अनुबंध’ ही एक संज्ञा आहे. पाणिनीने ज्याला ‘इत्’ म्हटले त्यालाच नंतरच्या वैयाकरणांनी हे नाव दिले. ‘कृ’ या धातूला ‘क्त’ हा प्रत्यय लागतो. त्यातील ‘क्’ हा अनुबंध. शब्द सिद्ध होताना त्याचा लोप होतो, आणि ‘कृत’ या तयार रूपात तो कोठेही दिसत नाही. परंतु त्याच्यामुळेच ऋकाराचा गुण होत नाही. ‘तृच्’ या प्रत्ययाला तो अनुबंध नाही, म्हणून तेथे ‘कर्तृ’ असे गुणयुक्त रूप होते. तात्पर्य, अनुबंध स्वतः नाहीसा होतो आणि शब्दाचे रूप ठरवून जातो.

‘ऋणानुबंध’ या शब्दातील उत्तरपदाला हा अर्थ अभिप्रेत नाही, हे उघड आहे. तरीही नोरा आणि हे-संग यांचे नाते समजावून घेण्यास तो मला अधिक उपयोगी वाटतो. नोरा या सिद्ध रूपात हे-संग नाही. तिच्या घरात, लेखनात, संसारात त्याला स्थान नाही आणि ते मागण्यास तो आलेलाही नाही. परंतु ती जी झाली, ती तो होता म्हणून आणि त्याला सोडून ती गेली म्हणून झाली. त्याचा लोप झाला आहे; त्याचे कार्य राहिले आहे.

शेवटच्या प्रसंगात ती त्याला गाडीपर्यंत पोचवावयास जाते. गाडी येण्यास दोन मिनिटे आहेत. दोघे समोरासमोर उभी राहतात व एक शब्दही बोलत नाहीत. जाता जाता हे-संग विचारतो की, हाही एक पूर्वजन्मच असेल, आणि पुढील जन्मी आपण आताच एकमेकांची कोणीतरी असू, तर? तिला ते ठाऊक नाही; त्यालाही नाही. तेव्हा भेटू, असे म्हणून तो जातो. ती घराकडे परतते. पायऱ्यांवर आर्थर वाट पाहत बसलेला असतो, आणि त्याच्या मिठीत ती हमसून रडू लागते.

ना-यंग रडवी होती. परदेशी गेल्यावर आपले रडणे कोणाच्या खिजगणतीत नाही असे पाहून तिने रडणे सोडले होते. म्हणजे या अश्रूंनी जे परत येते ते हे-संगचे प्रेम नव्हे. ती मुलगीच परत येते, क्षणभर, आणि या वेळी तिची समजूत काढावयास दुसरा माणूस असतो. त्याला तिची भाषा येत नाही. परंतु रडण्याला सभ्यतेच्या सहा पायऱ्या नाहीत, त्याला प्रत्ययाची गरज नाही. आणि म्हणूनच आर्थरला तेवढे कळते. आपल्या आत जे रूप मागे राहून गेले त्याला नावाने ओळखणे आणि मग त्याला निरोप देणे, याला जर आत्मबोध म्हणावयाचे असेल, तर तो नोराला त्या पायऱ्यांवर होतो. मग ती दोघे दार उघडून आत जातात.